अनारशांवरची खसखस

माझं माहेर मोडनिंबचं, लगीन होऊन आले ती सोलापुरात शुक्रवार पेठेत, आन मालक लवकर गेले म्हणून डोक्यावर पाटी घेतली, लोकांचे जुने कपडे घ्यायचे आन बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. काय सांगू तुमाला, बायका लई हुशार, विरलेल्या साडीवर डबा मागायच्या, मी म्हणायची, ताई, ह्या साडीला वाटीबी जास्त हुती की. भांडायची, रागानं पाटी उचलून चालायला लागायची, मग मागनं हाक यायचीच, ओ भांडीवाली, या, तुमचंच खरं. त्या पाटीवर पोराला शिकवलं, प्रमोदला. तो पुण्याला नोकरीला हाय.

पण पाटीनं मणका खाल्ला. बसवंना, निजवंना. मग दुखण्याच्या डॉक्टरनं जड गोळी दिली, म्हणाले, आजी, हिची सवय लागती, म्हणून दर खेपेला लघवी तपासायची आन मगच पुढच्या गोळ्या. तपासा की, मला काय चोरी हाय?

गेल्या दिवाळीला प्रमोद येणार म्हणून मी अनारसे केले. त्याला खसखस लई आवडती, म्हणून दाबून लावली. तो काय आला न्हाय, सुट्टी मिळाली न्हाय म्हणाला. टाकवंनात, मग मीच खात बसले, सकाळी चहासंगं अनारसा, सांजच्याला सैपाकाचा कंटाळा म्हणून अनारसाच.

दिवाळी सरल्यावर दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणाले, आजी, लघवीत अफू निघालीय, गोळ्या बंद. अफू? अवो, मी कधी मिश्रीबी लावली न्हाय! डोकंच फिरलं माझं, लई बोलले त्यांना. पण धंद्याची जीभ ती, मग मीच म्हणाले, बरं, निम्म्या तरी द्या. न्हाय. चार तरी द्या. न्हाय. मी पिशवी उचलून दारापतुर गेले आन हाक येईल म्हणून जरा थांबले. कुणी हाक मारली न्हाय.

उलट त्यांनी प्रमोदला फोन लावला, तुमची आई गोळ्यांसाठी घासाघीस करती, हे सवय लागल्याचं लक्षण. आन पोरगं मला विचारतंय, आई, खरं सांग, तू काय घेतीस? मी फोन ठेवला. गोळीबिगर भिताडाला धरून मोरीपतुर जायची.

शेवटी सोसंना, राग गिळून परत गेले, तर तितं एक नवी डॉक्टरीण. म्हणाली, किती वाळलाय आजी, जेवता काय? मी म्हणाले, जेवण कुटलं बाई, दिवाळी तर निस्त्या अनारशांवर काढली. तिनं मान वर केली. खसखस लावलेले? व्हय की. मग तिनं सांगितलं, खसखस अफूच्याच बोंडातली असती, तपासणीत तसंच दिसतं. परत तपासलं, काय निघालं न्हाय. गोळ्या चालू झाल्या. ते आधीचे डॉक्टर म्हणाले, आजी, गैरसमज झाला. गैरसमज म्हणे!

प्रमोदबी फोनवर सॉरी म्हणाला, यंदा नक्की येतो म्हणाला. येऊ दे. अनारसे करीन, खसखसबी लावीन, पण चव बघणार न्हाय. न्हाय आला तरी सुखात राहू दे त्याला.

आता गल्लीत दुसरीच भांडीवाली येती, तरणी हाय. मी तिला दारात बसवती, चहा पाजती, एका लुगड्यावर लई येळ भाव करती, तेवढंच बोलणं हुतं. मग ती चिडून पाटी उचलती. चार पावलं जाऊ देती तिला, आन हाक मारती.