मसाजीमामाचा बिनसिमेंटचा हट्ट

…न्हाई, पण मी म्हणतो, माणसाचं वय कोण ठरवनार? तो माणूस, का त्याचा गुडघा? तुमाला सांगतो, गोरेगाव-सेनगाव जीप हाकतो मी, रोज धा भानगडी बघतो, पण दोन हजार सहा साली आमच्या मसाजीमामानं नांदेडच्या दवाखान्यात जो तमाशा केला… बापा बापा बापा! मेंढरामागं जन्म गेला त्याचा. उजवा गुडघा पार कामातून गेलता, बसला की उठंना, उठला की बसंना, आन् मेंढरं काय थांबतेत व्हय कोनासाठी? लेक हनुमान रोज म्हणे, "बा, काठी माझ्याकडं द्या, तुमी घरी बसा." मामा भडकायचा. "घरी म्हातारे बसतेत! मी म्हातारा हाय? दात बघ, दात!" मेंढराचं वय दातावरून काढतेत ना, तोच हिशोब गड्यानं सवताला लावलेला! बत्तीसच्या बत्तीस जागेवर, ज्वारीची वाळकी भाकर कडाकडा खायचा.

तर नेलं मामाला माझ्याच जीपमधी, सोबत नर्मदामामी. डॉक्टर तरणा, बोलायला लई गोड. गुडघ्याचा फोटो उजेडाकडं धरून म्हणतो, "बाबा, सांधा बदलू. तो बसवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत सिमेंट लावून पक्का करतो. दुसरीत सिमेंट नाही, तुमचंच हाड हळूहळू त्या धातूत वाढतं आणि त्याला धरून ठेवतं. पण त्याला हाड टणक लागतं. म्हाताऱ्या माणसांना आम्ही शक्यतो सिमेंटच लावतो."

झालं! म्हातारा हा शब्द काढायची काय गरज होती, सांगा बरं? मामा उखडला. "बिनसिमेंटचं टाका! मेंढराचे मोडके पाय कामट्या बांधून मी नीट केलेत, हाड आपलं आपण धरतंय, मला शिकवता व्हय?" डॉक्टर म्हणे, "वय किती तुमचं?" आता मेंढक्याकडं जन्माचा कागद कुठून येनार? मामानं टेबलावर वाकून हा एवढा आ वासला. "दात बघा, दात!" डॉक्टर खुर्चीसकट मागं सरकला, त्याला वाटलं चावतंय का काय!

पण वस्ताद निघाला पोरगा. हळूच इचारतो, "बाबा, रझाकारांच्या वेळचं काही आठवतं का?" आन् मामाला कोनी जुनं इचारलं की संपलं… "न आठवाया काय झालं! तवाच तर आमचं लगीन झालं! बारा वर्साचा होतो मी, हिला तर माझ्या मामानं कडेवर आनलती…" डॉक्टरनं अठ्ठेचाळीस साल धरून हिशोब केला आन् गुमान कागदावर सत्तर लिहिलं. नर्मदामामीनं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी डॉक्टर म्हणाला, "हाड उघडल्यावर बघू. टणक असलं तर बिनसिमेंटचं." एवढ्यावर गप ऱ्हावं का न्हाई? पण मामा गावात आला आन् हाटेलात साऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "खंडोबाची आण! माझ्या पायात सिमेंट गेलं तर काठी हनुमानाला देईन, मेंढरामागं पाऊल टाकनार न्हाई!" अरे, कोनी इचारलं होतं तुला?

आठ दिवसांनी आपरेशन. कमरेखाली बधिर, वर मामा टक्क जागा, मधी पडदा. पुढचं मामानंच सांगितलं. खाडखूड चाललेली, तेवढ्यात डॉक्टर म्हणतो, "हाड भुसभुशीत आहे. सिमेंट कालवा." मामा पडद्याआडून वरडला, "ओ डॉक्टर! थांबा! दात बघा, दात!" डॉक्टर म्हणे, "बाबा, दात बदलायला नाही घेतले!" धा-बारा मिनिटात सिमेंट घट्ट. आन् मामाची काठी गेली.

बरं, दुसऱ्या दिवशी चार पायाचा वाकर धरून मामा उभा! शेजारच्या खाटेवर संतराम, चाळिशीचा गडी, त्याला बसवलेलं बिनसिमेंटचं, डॉक्टर त्याला सांगून राहिला की दीड महिना सगळा भार टाकायचा न्हाई. मामा त्याच्या म्होरून मुद्दाम दोन चकरा मारायचा. "तरण्या मानसाला आरामच लागतो," म्हणायचा!

तीन महिन्यात मामा टनाटन चालाया लागला, तकलीफ म्हणून न्हाई. पण आण घेतलेली ना! पहाटं हनुमान काठी घेऊन निघाला, मेंढरं मागं वळून वळून बघत गेली, आन् मामा नव्या गुडघ्यावर दारात उभा. ढसाढसा रडला हो, खोटं कशाला सांगू. मला म्हणतो, "का रे, थोडंसंच तर सिमेंट हाय, खंडोबा तेवढं बी मोजत असंल का?" मामी आतून वरडली, "आण म्हंजी आण!"

मामीला काय, मोकळा माणूस गावला! दळण आना, राकेल आना, लेकीला कुरुंद्याला पापड पोचवा. गुडघा दुखतो म्हनायची सोयच न्हाई राहिली. एक दिवस गिरणीवर भेटला, डोक्यावर डबा. म्हणलं, "मामा, कसं काय?" इकडंतिकडं बघून हळूच म्हणतो, "लेका, सुटका व्हावी म्हणून काल घरी सांगितलं, आता डावा गुडघा दुखाया लागलाय."

"मग?"

"मग काय! आज तुझ्या मामीनं त्याच्या बी आपरेशनची तारीख घेतली."