मामांनी मागितलेली दोन मिनिटं

जमलेल्या मंडळींनो, यंकटमामांच्या घरच्या माणसांनो. आपल्या शिक्षणसंस्थेचा सचिव म्हणून या शोकसभेत मला पहिलं बोलायला उभं केलंत. खरं सांगतो, इथं बोलायला मला तोंड नाही.

नायगावच्या आपल्या मैदानातलं ते जुनं पंख्याचं विमान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. महायुद्ध संपल्यानंतरच्या काळातलं, प्रवासी विमान. बिलोलीच्या या मिस्त्रीनं, आपल्या मामांनी, सहा वर्षं खपून त्याचं एक इंजिन चालू केलं. कशासाठी? आपल्या पोरांना शिकता यावं म्हणून. गेल्या महिन्यात अधिकारी बघायला येणार होते. इंजिन चाललं तर विमान राहणार, नाही तर भंगारात जाणार.

साहेब अकराला येणार होते, आले तीनला. मग शाली, सत्कार, भाषणं. माझंच भाषण लई लांबलं. शेवटी साहेबांच्या हस्ते पूजा. पंख्याला हार, हळदकुंकू, चाकापाशी नारळ. साहेबांनी पंख्यावरचा हार उतरवला आणि घड्याळ बघितलं.

मामा जवळ आले. म्हणाले, "भाऊ, आधी पंखा हातानं फिरवून घेतो. सकाळपासून बंद हाय. इंजिनाच्या खालच्या नळकांड्यांत तेल उतरलं असंल, तसंच चालू केलं तर मोडंल आतून. दोन मिनिटं द्या."

मी काय म्हणालो? "मामा, पूजा झाली, आता पंख्याला हात नका लावू. काय न्हाई होत. साहेबांना घाई हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "हाव," म्हणाले, आणि आत चढले. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही.

पंखा अर्धा फिरला. आत धाडकन आवाज झाला. मग काहीच नाही.

साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?" मामा म्हणाले, "माझी." मी शेजारीच उभा होतो, मंडळी. हातात खोबऱ्याचा प्रसाद घेऊन. मी गप्प राहिलो.

विमान कापून ट्रकमधून नेलं. त्यानंतर मामा रोज येऊन मोकळ्या मैदानात बसायचे. मी खिडकीतून बघायचो आणि ठरवायचो, उद्या बोलू. सोमवारी मामा गेले.

आज सांगतो, चूक माझी होती. पण ऐकायला मामा नाहीत. आता मी काय करू? मघाशी त्यांच्या फोटोला हार घालताना माझा हात पुढं जाईना.

उठा, मंडळी. मामांनी माझ्याकडं दोन मिनिटंच मागितली होती. मी दिली नाहीत. आज आपण देऊ या. कुणी घड्याळ बघू नका.