पिवळ्या कॅनची रांग

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, ज्यांच्या छडीच्या धाकाने या गोदामातले निम्मे लोक अजूनही ताठ बसतात त्या आमच्या मुख्याध्यापिका नाइगागा बाई. विभाग अधिकारी इसाबिर्ये साहेब, जे आज चक्क वेळेवर आलेत, याची कुणीतरी नोंद करून ठेवावी. पोती हलवून आम्हाला गोदाम देणारे कॉफी सोसायटीचे सेक्रेटरी. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या बुसिंबो वॉर्डाचे सतरा वर्षांचे चेअरमन एरिसा बालिकोवाकाका. मी काय बोलणार हे ओळखून आत्तापासूनच ओठ दाबून बसलेल्या कागोयाकाकू. आणि समोर खुर्च्यांवर बसलेले, मागे पोत्यांवर बसलेले, खिडकीबाहेर नुसत्या माशाच्या वासाने जमलेले माझे सगळे गावकरी, तुम्हा सर्वांना नांगोबीचा नमस्कार.

बाईंनी मला दहा मिनिटं दिलीत. काकांना सतरा वर्षं मिळाली होती, मला दहा मिनिटं. असो.

काकांचं कौतुक कुठून सुरू करू? ते एकदाच निवडून आले आणि सतरा वर्षं टिकले. असं कुणाला जमलंय? त्यात काकांचा काही दोष नाही हो. कंपालाहून दर वर्षी निरोप यायचा, निवडणूक पुढे ढकललीय. काका दर वर्षी दुःखी चेहरा करायचे आणि खुर्चीत बसायचे. ते निवडून आले तेव्हा मी बाईंच्या शाळेत तिसरीत होते. मी कॉलेज करून आले, टायपिंगचं दुकान टाकलं, तरी काका आपले चेअरमनच. बकरी विकायची, काकांचं पत्र. पोरीचं लग्न, काकांचं पत्र. मोटरसायकलवर भाडं मारणाऱ्या बोडावाल्याला पोलिसांनी धरलं, काकांचं पत्र. आणि प्रत्येक पत्र टाइप करायला माझ्याकडेच. म्हणजे काकांच्या कारभाराची साक्षीदार मी आहे, पुरावाही मीच आहे. काका, घाबरू नका. आज फक्त चांगलंच बोलायचंय.

एक काम मात्र काकांनी असं केलं की त्याचा पुतळा उभारायला हवा. नळावरची भांडणं मिटवली. आठवतंय ना? कोण आधी, कोण नंतर, एकमेकींच्या झिंज्या. तेव्हा काकांनी हुकूम काढला, मी टाइप केला, नळाच्या वर खिळ्याने ठोकला. अजून आहे तिथे. 'कॅन रांगेत असेल तर माणूस रांगेत आहे असे समजावे.' बस्स. तेव्हापासून आपण पिवळा कॅन रांगेत ठेवतो आणि खुशाल घरी जाऊन भाजी फोडणीला टाकतो. कुणाच्या बापाची हिंमत नाही कॅन हलवायची.

पण काका, नळ सकाळी दहाला बंद व्हायचा. बाजारातून दोनला परतणाऱ्या बाया पाण्याला कुठे जायच्या? दलदलीवर. मी तीनदा अर्ज केला की नळ दुपारी पुन्हा उघडा. काका म्हणाले, "पोरी, तुझं टायपिंग छान आहे." म्हणून यंदा निवडणूक खरोखर लागली तेव्हा मी उभी राहिले. चेअरमन होण्याची हौस नव्हती, नळाची किल्ली चेअरमनकडे असते म्हणून.

आता आपली निवडणूक कशी असते हे इथे सांगायची गरज नाही, पण जिल्ह्याहून आलेले पाहुणे कागदाच्या चिठ्ठ्यांवर वाढलेत, त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे चिठ्ठी नाही, पेटी नाही. मैदानात उमेदवार उभे राहतात आणि ज्याला ज्याचं मत, तो त्याच्या मागे रांगेत. उमेदवाराने मागे वळून बघायचं नाही. उमेदवार म्हणजे खांब, आणि खांब मोजत नाहीत. किती स्वच्छ पद्धत! नवऱ्याला दिसतं बायको कुठे आहे. घरमालकाला दिसतं भाडेकरू कुठे आहे. लपवाछपवी नावाला नाही.

तर त्या दिवशी सकाळी नऊला मी आणि काका दहा पावलांच्या अंतरावर, तोंड गोलपोस्टकडे. काकांच्या मागे चपलांचा आवाज थांबत नव्हता. माझ्या मागे शांतता. खरं सांगायचं तर मला फक्त आईचा खोकला ऐकू येत होता.

काका गोलपोस्टकडे बघत म्हणाले, "नांगोबी, किती झाले गं तुझे?"

"बघायचं नाही काका."

"बघू नको. ऐक. माझे चाललेत अजून."

"हो, तुमचे भाऊच तेवढे आहेत."

"अकरा आहेत तुझे. माझ्या पुतण्याने मोजून सांगितलं. त्यात दोन बोडावाले आहेत, ते गाडी उन्हात नको, तुझ्या बाजूला सावली आहे म्हणून थांबलेत."

हे खरं होतं, बरं का. त्यातला एक आज इथे बसलाय, त्याला विचारा.

मोजणी करणारे साहेब नऊला येणार होते. साहेब, मी नाव घेत नाही, तुमची मोटरसायकल रस्त्यात पंक्चर झाली होती हे सगळ्यांना माहीत आहे. दहा वाजले. अकरा वाजले. मार्चचं ऊन. चुलीवर रताळी ठेवून आलेल्या बाया. पोटात कावळे. आणि मग कुणीतरी, कोण ते अजून कळलेलं नाही, आणि जिला माहीत आहे ती सांगणार नाही, घरून आपला पिवळा कॅन आणला, रांगेत ठेवला आणि जेवायला गेली.

कायदाच आहे ना? कॅन रांगेत तर माणूस रांगेत. अर्ध्या तासात मैदान पिवळं! माणसं फणसाच्या झाडाखाली, रांगेत नुसते कॅन. मी मागे बघू शकत नव्हते, पण आवाज ऐकत होते. प्लास्टिकचा कॅन जमिनीवर ठेवला की 'डुब' असा आवाज होतो. तो आवाज आता माझ्या मागे होत होता. डुब. डुब. डुब. थांबेचना.

काका अस्वस्थ झाले. "हे काय चाललंय तुझ्या मागे?"

"बघायचं नाही काका."

मंडळी, कॅन सगळे सारखे असतात. सगळे पिवळे, सगळे तेलाचे. लांबून नवऱ्याला काय कळणार कुठला कुणाचा? सकाळी जी नवऱ्याच्या मागे काकांच्या रांगेत उभी होती, तिचा कॅन दुपारी माझ्या रांगेत! साठ वर्षांत या मैदानावर गुप्त मतदान झालं नव्हतं, ते काकांच्या हुकुमाने झालं. लोकशाहीसाठी काकांनी एवढं केलंय, आणि ते स्वतः कधी बोलत नाहीत.

दीडला साहेब आले. रांगा बघून डोक्यावरचं हेल्मेट काढायचं विसरले.

"माणसं कुठेत?"

काकांचा पुतण्या म्हणाला, "साहेब, कॅन मोजू नका! कॅनला मत नसतं!"

माझी आई लगेच, "का नाही? नळावर जाऊन वाच. तुझ्या काकाचाच शिक्का आहे त्याच्यावर!"

"नळ वेगळा, निवडणूक वेगळी!"

"तुम्हाला वेगळी. आम्हाला दोन्हीकडे रांगच आहे!"

एका नवऱ्याने, नाव नको, ते समोरच बसलेत, माझ्या रांगेतला एक कॅन उचलून हुंगला आणि ओरडला, "याला आमच्या घरच्या रॉकेलचा वास येतोय!" बायको फणसाखालून म्हणाली, "अख्ख्या गावाला रॉकेलचा वास येतो, खाली ठेव." ठेवला त्यांनी.

साहेबांनी बराच विचार केला आणि निकाल दिला. पाच मिनिटं. ज्याचा कॅन त्याने येऊन त्याच्याजवळ उभं राहायचं. कॅनपाशी माणूस असेल तर मोजणार, नसेल तर नाही.

इथे मला थोडं थांबू द्या. इतका वेळ सगळा तमाशा होता. त्या पाच मिनिटांत नव्हता. माझ्या मागे ऐंशी-पंच्याऐंशी कॅन होते, आणि त्या बायांनी आता नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, घरमालकासमोर चालत यायचं होतं. मी मागे बघू शकत नव्हते, त्यांना काही बोलू शकत नव्हते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, नका येऊ. नळ राहू दे बंद. संध्याकाळी घरी काय होईल ते मला नाही, तुम्हाला भोगायचंय.

एक मिनिट गेलं. कुणीच हललं नाही.

मग चप्पल वाजली. एकच. डाव्या पायाची जरा फरफटत.

माझ्या शेजारी काका ताठ झाले. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालीत, ती फरफट त्यांना झोपेतही कळते. चप्पल त्यांच्या मागून निघाली आणि माझ्या मागे, रांगेच्या मध्यावर येऊन थांबली. मग कागोयाकाकूंचा आवाज, अगदी सहज, कोथिंबीर मागावी तसा:

"हा माझा."

त्यानंतर मला पायांचे आवाज मोजता आले नाहीत.

काकूंनी तसं का केलं? मी पुढे विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "सतरा वर्षं पहाटे पाचला दार वाजतंय. शिक्का हवाय, शिक्का हवाय. आणि चहा कुणी करायचा? आता तुझ्या आईला करू दे." आई, ऐकलंस ना?

इकडे साहेबांनी काकांची रांग मोजली. चौऱ्याण्णव. मग माझी सुरू केली, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत. आणि तेवढ्यात खांब हलला. काका गोलपोस्ट सोडून तरातरा माझ्या रांगेत घुसले, थेट काकूंच्या मागे.

"कागोया! घरी चल!"

"येते. मोजणी होऊ द्या."

"आत्ता!"

"रांग मोडायची नाही. तुमचाच कायदा आहे."

"लोक काय म्हणतील मला?"

"म्हणतील, बायकोला स्वतःचा कॅन आहे."

तेवढ्यात साहेबांचा हात काकूंच्या खांद्यावर पडला, "साठ." आणि पुढच्या खांद्यावर, "एकसष्ट."

"अहो साहेब, मी मतदार म्हणून नाही, नवरा म्हणून उभा आहे!"

साहेब म्हणाले, "रांगेत नवरा नसतो. बासष्ट. त्रेसष्ट."

माझी बेरीज आली पंच्याण्णव.

हसा, हसा. काकाही हसतायत. पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं, आणि आता जे सांगणार आहे ते आजवर कुणाला माहीत नाही. काका, परवानगी आहे? मान हलली. हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मी बघितलेलं नाही.

तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती. तक्रार गेली असती तर काकांचं मत वगळून बरोबरी, निवडणूक रद्द, पुन्हा रांग. आणि पुन्हा त्या बाया कॅनपाशी आल्या असत्या का? एकदा आल्या होत्या. दुसऱ्यांदा घरून बाहेर सोडलं असतं का कुणी? मला माहीत होतं, आपण संपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दुकानात आले. गावात टायपिंगचं दुकान एकच. हातात वहीचं पान.

म्हणाले, "अर्ज टाइप कर."

"कुणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

"बसा काका. दोन प्रती की तीन?"

"तीन."

मी टाइप केला. देवाशपथ, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. फक्त काकांनी लिहिलेलं वाक्य लांबलचक होतं, ते छोटं केलं: 'उमेदवार विरुद्ध रांगेत चुकून उभा राहिल्याने त्याचे मत धरू नये.' वाचून दाखवलं. काका म्हणाले पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

"खाली साक्षीदाराचं नाव लागेल," मी म्हटलं. "जवळ कोण होतं?"

"तिच्याशिवाय कोण होतं?"

"मग काकूंना जिल्ह्याला जावं लागेल. विचारतील त्यांना."

"ती खरं सांगेल."

"म्हणजे काय सांगतील?"

काकांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. पंखा गरगरत होता. रस्त्यावरून बाया चालल्या होत्या, बाजारातून परत, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. त्यातल्या दोघींना काकांनी ओळखलं, त्या दिवशी त्या माझ्या रांगेत आपापल्या कॅनपाशी उभ्या होत्या. त्यांनी काकांना गुडघे टेकून नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि दलदलीच्या रस्त्याला लागल्या. काका त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

मग म्हणाले, "नांगोबी, मी रांगेत आलो तेव्हा तू मागे वळून बघितलंस?"

"नाही काका. बघायचं नसतं."

"मग मी चुकून उभा राहिलो हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय, काका."

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि 'चुकून' या एका शब्दावर आडवी रेघ मारली. मग कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता पाठव."

तो अर्ज कुठे पाठवणार, मंडळी? त्यात तक्रारच उरली नव्हती.

ते मत खरं होतं की नुसता मानीपणा, हे मी काकांना कधी विचारलं नाही. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही सांगत नाहीत." आजही विचारणार नाही. फक्त एवढं सांगते, की माझं एक मत कुठून आलं याची मला लाज वाटत नाही. त्याची मला धास्ती वाटते. बाकी चौऱ्याण्णवांना मी नळाचं उत्तर देईन. त्या एकाला वर्षभराने माझ्या दारात पहाटे पाचला येऊन विचारायचा हक्क आहे, आणि चहा आई करणार नाही, मी स्वतः करीन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सेक्रेटरींनी गोदाम दिलं, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनी इतका वेळ शेंगदाण्याची आमटी गरम ठेवली, सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाचं नको तिथे घेतलं गेलं असेल, आणि आज घरी गेल्यावर कुणाच्या नवऱ्याने रॉकेलचा विषय काढला, तर त्याची सगळी जबाबदारी माझी. मला मोठ्या मनाने सांभाळून घ्या. काका, उठा. मला बुटकीला हा हार तुमच्या गळ्यात घालायचाय, जरा वाका.