बिनडोक्या बाईचा झगा

एक होती आजी, एक तिची लेक, एक नात आणि एक बिनडोक्याची बाई. चौघी एका घरात राहायच्या, आणि त्यांतली शहाणी कोण म्हणाल तर ती बिनडोक्याचीच, कारण एका जागी गप्प उभी राहणारी तेवढी ती एकटी. आजी म्हणजे मीच हो, आणि तुम्हाला सांगते, डोकं फिरलंय माझं. बिनडोक्याची म्हणजे नातीचा तो शिवणाचा पुतळा, छाती आहे, कंबर आहे, मुंडकं तेवढं नाही, आणि ठेवलाय कुठे, तर माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. डोळे उघडले की पहिलं तिचं दर्शन. का, तर पुढच्या खोलीत ऊन येतं, रेशमाचा रंग उडेल. आणि पहाटे दचकून मी उडाले तर? त्याची काळजी कुणाला आहे?

तर लग्न होतं लेकीचं. दुसरं. पहिला जावई गेला तेव्हा नात शाळेत होती, आणि तेव्हापासून माझ्या लेकीनं आरशात बघायचंच सोडलं, वेणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून घालायची. पन्नाशीला आल्यावर एक घड्याळं दुरुस्त करणारा भेटला, बोलतो कमी, ऐकतो सगळं, आता याहून काय हवं बाईमाणसाला? पण ही आज हो म्हणायची, उद्या नको. "आई, या वयात लोक हसतील गं." अगं हसू दे, लोकांचे दात त्यांचे. तरी हिला मोडायला निमित्तच हवं असायचं. पाऊस आला, अपशकुन. कप फुटला, अपशकुन. म्हणून मी नातीला म्हटलं, बाई, झगा झटपट शिवून टाक, एकदा अंगावर चढला की तुझी आई बांधली गेली.

झटपट म्हटलं हं मी. मशीन आहे ना घरात?

पण छे, नात शिकून आली होती कुठल्याशा मोठ्या शिवणघरात, तिथे म्हणे सगळं हातानं. आधी मांजरपाटाचा अख्खा झगा शिवला, आईच्या अंगावर चढवला, इथे टाचला, तिथे रेघ मारली, आणि... उसवला. म्हटलं, अगं का? "आजी, ही नुसती चाचणी." चाचणी? माझ्या लग्नाचीसुद्धा कुणी चाचणी घेतली नाही. मग रेशीम आलं, मोरपिशी, ताग्यातलं शेवटचं, म्हणजे चुकलं तर दुसरं मिळायचं नाही. त्यावर खडूनं खूण करायची नाही, डाग पडतो, दोऱ्यानं करायची. प्रत्येक तुकड्याच्या पोटाशी दुसरं पातळ रेशमी कापड, कच्च्या टाक्यांनी जोडायचं, अख्खं, आणि हे सगळं दिसणार कुणाला? कुणालाच नाही. आत असतं ते. पंखा लावायचा नाही, चहा स्वयंपाकघरातच प्यायचा, माझे हात तर ती हुंगून बघायची, तेलकट आहेत का. पाठीची चेन, ती तरी? तीही हातानं, इवल्या इवल्या टिंबांसारखे टाके. मी विचारलं, मशीन आहे ना घरात, की ते मेलंय आणि मला सांगायचं राहिलंय?

मग सगळं झाल्यावर खालची पट्टी दुमडायची तर ही म्हणते, "आता लटकू दे." काय लटकू दे? "घेर कापड तिरकं धरून कापलाय आजी, आपल्याच वजनानं उतरतो, कुठे जास्त, कुठे कमी. पुरता उतरल्यावर मग कापायचा." लोणच्यासारखा झगा मुरत ठेवला, बिनडोकीच्या अंगावर, माझ्या पायथ्याशी.

आणि आमच्या थोरल्या जाऊबाई टपकल्या. नात बाहेर, लेक बाहेर, मी न्हाणीत. जाऊबाईंना कुठलंही वाकडं दिसलं की हात शिवशिवतो, दुसऱ्याच्या घरातला फोटोसुद्धा सरळ करतील. मी केस पुसत बाहेर येते तर काय, कात्री घेऊन खाली बसल्यात. "अगं, डावीकडे लोंबत होतं, एवढंसं काढलं. मग उजवीकडे लांब वाटलं, तिकडून काढलं. मग डावीकडे परत..." घोट्यापर्यंतचा झगा हो, पोटरीपर्यंत आणला बाईनं, आणि एवढं करून वाकडा तो वाकडाच. मी त्यांना काय बोलले ते इथे सांगत नाही, शेजारी अजून माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

लेक आली. बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणते, "बघ आई. नकोच म्हणतंय सगळं." आणि फोन उचलला, घड्याळवाल्याला कळवायला.

"फोन खाली ठेव," मागोमाग आलेली नात म्हणाली, "आणि स्टुलावर चढ."

चढवलीच तिला. झगा घातला, आणि नात तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसली, हातात मोजपट्टी, घेर जमिनीपासून सगळीकडे सारखा आखायला. लेक कुरकुरतेय, "या वयात पोटऱ्या दाखवू?" मी म्हटलं, का, चोरून आणल्यात? तर नात खालून खेकसली, "आई, खाली बघू नकोस. तू वाकलीस की मागचं वर जातं, खूण चुकते. ताठ, नजर समोर."

समोर होतं काय? कपाटाचा आरसा.

आता मान वळवायची सोय नाही, खाली बघायची सोय नाही. नात टाचणी टाचणीनं सरकतेय आणि लेक उभी, स्वतःकडे बघत, कितीतरी वर्षांनी. जाऊबाईंचा हातसुद्धा शिवशिवला नाही, म्हणजे बघा. आणि बऱ्याच वेळानं ही हळूच विचारते, "मागून कसं दिसतंय गं?"

तेव्हाच ओळखलं मी. मागून कसं दिसतं हे विचारणारी बाई लग्न मोडत नसते.

मग घेराच्या तुरपाईला आम्ही सगळ्या. टाक्याला रेशमाचा एकच धागा उचलायचा, वरून दिसता कामा नये. जाऊबाईंचे टाके नात निमूट उसवायची, त्या परत घालायच्या, ती परत उसवायची. शेवटी वैतागून म्हणतात, "मशीन आहे ना गं घरात?" मी म्हटलं, जाऊबाई, काही लाज? रेशमाला मशीन लावतात?

लागलं लग्न. घड्याळवाला बोलत नाही म्हटलं ना, तो झग्याकडे बघून "वा" म्हणाला आणि दिवसभर तेवढ्यावरच राहिला. त्याच्या बहिणीनं झगा उलटा करकरून पाहिला आणि नातीला स्वतःच्या शिवणघरात कामाला बोलावलं. लेक तिकडे सुखात, सकाळी फोन करते, "आई, आजचा चहा त्यांनी केला." नात पुतळ्यासकट कामावर, डबा घेऊन जाते ती दिवेलागणीला येते. सगळं जागच्या जागी. घर स्वच्छ, शांत.

आणि मी दिवसभर राग घेऊन बसलेली असते, काढायचा कुणावर? म्हणून कालच जाऊबाईंना सांगून पाठवलं, या चार दिवस राहायला.