धरणाखाली पाठवणी

नाही, अवधूतराव, ती बॅग ठेवा खाली आणि चहा घ्या आधी — जावई गिरगावात आला नि कपाला हात न लावता गेला, असं आमच्याकडे होत नाही. अनुजा आत बाळाला पाजतेय. आजच न्यायचं म्हणता? अहो, सव्वा महिना झाला म्हणून काय झालं — टाळू भरली नाहीये पोराची, मान धरत नाही, आणि तुमच्या त्या धरणाच्या कॉलनीत डॉक्टर कुठे? आहे? असेल. बरं, मग खरंच सांगते, बाळाचं निमित्त आहे, मला भीती वाटते. धरण भरत आलं की तिथली जमीन हलते, हे मला पेपरवाल्यांनी नाही सांगितलं — तुम्हीच सांगितलंत, इथे बसून.

पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे — पण मुलीला सातव्याला आणतात हो, तुम्ही पाचव्यातच आणून सोडलीत. मी खूश, म्हटलं जावई हौशी. हौशी कसले — भूकंपाच्या धक्क्यानं धरणाच्या भिंतीला चीर गेली, भिंतीच्या आतल्या बोगद्यात पाणी पाझरायला लागलं, म्हणून. तुम्ही म्हणालात पाणी कमी ठेवा, आधी दुरुस्ती करा. वरच्या साहेबांना वीज हवी, त्यांनी ऐकलं नाही. इथवर तुमचा दोष नाही, मान्य. पण मग खालच्या वाडीत सभा घेऊन 'धरण ठणठणीत आहे, घाबरू नका' कोणी सांगितलं? आणि त्याच आठवड्यात बायकोला गाडीत कोणी बसवलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान. आता लोक विचारायला लागले, इंजिनिअरसाहेबांची बायको कुठेय — तर तुमचे साहेब म्हणे तिला बाळासकट आणून दाखवा, म्हणजे लोक गप्प बसतील. माझा नातू काय दाखवायला आहे?

तुमच्याकडे भांडी घासणारी कौसल्या, धरणाच्या पायथ्याशी घर, दोन लेकरं — अनुजा निघताना तिनं विचारलं, ताई, एवढ्या लवकर का? अनुजा म्हणाली, आईची तब्येत बरी नाही. मला काय धाड भरलीय? तेव्हापासून पोरीला घास गोड लागत नाही. आज सकाळी तिनं कौसल्येला फोन लावला आणि — जाऊ दे. काही नाही. असे बघू नका माझ्याकडे. हो, सांगितलं. चिरेचं, पाण्याचं, सगळं. मीच म्हटलं, सांग.

तुमचा फोन वाजतोय. वाडीतलाच असणार. घ्या की. जिन्यात कशाला जाता, इथेच बोला — अनुजा दाराशी येऊन उभी आहे, तिलाही ऐकू दे तुम्ही काय सांगता ते.