फडक्यानं गाळलेलं डिझेल

पंचाऐंशी साली रत्नागिरीत डिझेलच्या रांगेत माझ्यापुढे पावसचे बागायतदार राजाभाऊ आणि त्यांचा मिस्त्री भागोजी बोलत होते.

“भागोजी, जीपला तो पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव.”

“मी गणपतीतच सांगितलं होतं, भाऊ. जुनं इंजिन, त्यात पिंपातलं डिझेल.”

“फडक्यानं गाळत होतो रे. वाटलं, तेवढं पुरेल.”

“फडक्यानं कचरा अडतो, पाणी नाय. बंद पडली काय?”

“देवरूखच्या वाटेवर. आईला मावशीकडे नेत होतो. मावशीचं काही खरं नव्हतं. सकाळी निघालेलो, पाच वाजेपर्यंत तिथंच.”

“मग भेट झाली?”

“आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती.”

“आई काय म्हणाल्या?”

“बाराव्याला एस.टी.नं जाते म्हणाली.”