नानांची रेकॉर्ड आणि उडदाचे पापड

हसा तुम्ही, पण त्या दिवशी माझे हातपाय खरंच गार पडले होते, तेही जळगावच्या मे महिन्यात.

भुसावळचे नाना, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी माझ्या नवऱ्याला जॅझची एक जुनी रेकॉर्ड ऐकायला दिली होती. "संग्रहात दुसरं काही नसलं तरी चालेल, हा अल्बम हवाच," म्हणाले होते. आमच्या चिरंजीवांनी तिच्यावर दुधाची वाटी उपडी केली. मी ती धुतली आणि गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातली. पाचच मिनिटं! तेवढ्यात बाळ रडलं. त्याला ऊन लागलं की काय, या काळजीत मी रेकॉर्ड विसरलेच. मी एमएस्सी फिजिक्स आहे, हे बाहेर सांगू नका.

तासाभराने पाहिलं, तर रेकॉर्डची कड भाजलेल्या पापडासारखी वर वळलेली. आणि दारात नाना.

"पोरी, रेकॉर्ड न्यायला आलो."

नवरा माझ्याकडे बघेना. मीच ती पुढे केली. नानांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली.

"कुठे ठेवली होती?"

"गच्चीवर. पापडांजवळ."

"पापड वाळले?"

"हो, नाना."

"मंग अल्बम तुमच्याच संग्रहात राहू दे. मी पापड नेतो."

"किती देऊ?"

"बठ्ठा!"

मी सुटल्यासारखी धावत जाऊन सगळे पापड बांधून दिले. नाना गेल्यावर आठवलं, पापड सासूबाईंचे होते, आणि त्या संध्याकाळी धुळ्याहून परत येणार होत्या.